चाल सुरू झाली की अंगठा का थांबतो?

लक्षण असं. गिटारीवर सी कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) धरली आहे. उजवा अंगठा पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी असा रमतगमत चालला आहे, तासभर चालेल. मग वरच्या, म्हणजे बारीक तारांवर चाल (गाण्याची धून) घ्यायला जावं, तर तिसऱ्या-चौथ्या सुरालाच अंगठा एकतर दचकून उभा राहतो, नाहीतर आपलं काम सोडून चालीच्या मागे धावतो. खर्ज (अंगठ्याचा जाड तारांवरचा सूर) गेला की ठेका गेला, आणि ठेका गेला की रॅगटाइम (ही जुनी अमेरिकन वादनशैली) संपला. उरतं ते नुसतं टुणटुण.

मला हा आजार दीड वर्ष होता. गेला गेला म्हणावं आणि जुलैत पुन्हा हजर. तोच अंगठा, तीच जागा. मालवणात राहणाऱ्याला दर पावसाळ्यात उलटणाऱ्या दुखण्याचं कारण लवकर कळायला हवं होतं, पण मी सगळा दोष हातालाच देत बसलो. निम्मा हाताचा होता, निम्मा गिटारीचा. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून आधी दुखणं कुठलं ते ठरवू.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावा, प्रत्येक ठोक्याला अंगठ्याचा एक आघात. चाल नको, फक्त अंगठा. आता घरातल्या कुणाला तरी काहीतरी विचारायला सांगा. आमच्याकडे प्रश्न ठरलेला असतो, बांगडे आणू की पेडवे? पूर्ण वाक्यात उत्तर द्या. त्यात अंगठा चुकला तर तो अजून कच्चा आहे. पंधरा दिवस चालीचं नाव काढू नका.

इथे पास झालात तर सी कॉर्ड न सोडता तिच्यावरच छोटी चाल वाजवून बघा. इथे अडलात तर दुखणं अंगठा आणि बोट यांच्या मेळात आहे, त्यावरच पुढे जास्त लिहिलंय. हेही जमलं आणि फक्त कॉर्ड बदलतानाच अडखळायला होत असेल, तर दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून तोच तुकडा पुन्हा वाजवा. कॅपोने अडखळणं बरंचसं गेलं, तर हात ठीक आहे, गिटार फुगली आहे. तुम्ही थेट शेवटाकडे जा.

माझ्याकडे शिकायला येणारी दोन-तीन पोरं आहेत, सगळी दुसऱ्या चाचणीत अडकली. मीही तिथलाच.

झांजवाला पोरगा

अंगठा करतो काय, ते आधी बघू. रॅगटाइम मुळात पियानोचं. स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' छापला गेला तो १८९९ साली. त्यात डावा हात सरळ धुम-चक, धुम-चक करत राहतो आणि उजवा हात त्यावर वाकड्या मात्रांनी खेळतो. गिटारवाल्यांनी डाव्या हाताचं काम अंगठ्याला दिलं आणि उजव्याचं तर्जनी-मध्यमेला. अमेरिकन गिटारवादक ब्लाइंड ब्लेकने १९२६ ते १९३२ या काळात पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी जी ध्वनिमुद्रणं केली, ती ऐकताना एकच माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही. रेव्हरंड गॅरी डेव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांवर हे सगळं करायचे. तेव्हा बोटं कमी पडतात ही तक्रार बाद.

अंगठा स्वतंत्र करा, असं सगळे सांगतात. ते कसं करायचं हे कुणी सांगत नाही. मला ते एका बारा वर्षांच्या मुलाने सांगितलं. गणपतीत आमच्याकडे वाडीतलं भजन असतं. बुवांनी गजर चढवला होता, पखवाज घुमत होता, बुवा ताना घेत कुठल्या कुठे निघाले होते, आणि कोपऱ्यात झांज वाजवणाऱ्या त्या पोराने मोठी जांभई दिली. हात चालूच. एक ठोका इकडचा तिकडे नाही. आरतीनंतर मोदक देताना मी त्याला विचारलं, तुझी झांज चुकत कशी नाही रे?

"काकानू, बुवांचा ऐकाक गेलंय काय चुकतंय. म्हणान मी ऐकणंय नाय."

दीड वर्षाचं कोडं तिथे सुटलं. माझा कान चालीकडे जायचा, आणि अंगठा कानाच्या मागे जायचा. अंगठ्याने चाल ऐकायचीच नाही. बोटाने मात्र अंगठा ऐकायचा. बुवा झांजेवर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गाठतात, झांज बुवांना गाठायला जात नाही. बांगडे-पेडव्यांची चाचणी मी त्यानंतर काढली. दुसरीकडे लक्ष असताना चालतो तोच खरा अंगठा.

तकिट तकिट तक

आता अंगठा नेमका कुठल्या मात्रेला पडतो ते बघू. पाश्चात्त्य पुस्तकांतले 'वन अँड टू अँड' माझ्या डोक्यात कधी बसले नाहीत. आपल्याकडे बोल आहेत, ते वापरा.

आठ मात्रा घ्या, केरव्याच्या असतात तशा. अंगठा १, ३, ५, ७ ला पडतो, बस. आता चाल ३-३-२ अशी तोडायची. तोंडाने म्हणा, तकिट तकिट तक. प्रत्येक 'त'ला बोटाने वरची तार. म्हणजे बोट पडतं १, ४ आणि ७ ला. पहिला 'त' अंगठ्याबरोबर चिमटीत येतो, तिसरा 'त'सुद्धा. मधला 'त' एकटा आहे, अंगठ्याच्या दोन आघातांच्या मध्ये. सगळं पाणी इथेच मुरतंय.

चवथ्या मात्रेला बोट निघालं की अंगठ्याला वाटतं आपणही निघावं, कारण आधीच्या 'त'ला दोघं जोडीने गेले होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझाच हात चित्रित करून पाहिला तेव्हा गंमत कळली. मला वाटत होतं अंगठा उशीर करतोय. प्रत्यक्षात तो लवकर यायचा. बोट वळलं की अंगठाही वळून चौथ्या तारेवर जाऊन टेकायचा, आणि तिथेच बसून राहायचा. टेकल्यामुळे तार मुकी, मग पाचव्या मात्रेला वाजवायला जागा नाही, मग दचका. तुम्हीही एकदा चित्रित करून बघा. आपल्या हाताबद्दल आपल्याला वाटतं ते बहुतेक वेळा खोटं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. गिटार बाजूला ठेवा. मांडीवर अंगठा १, ३, ५, ७ ला आपटा आणि तोंडाने तकिट तकिट तक म्हणा. अंगठ्याच्या वाटणीला येतात पहिल्या तकिटमधले 'त' आणि 'ट', दुसऱ्यातला 'कि', आणि शेवटच्या तकमधला 'त'. हे जमेपर्यंत तार शिवायची नाही. जमलं की 'त'ला तर्जनी आपटा. मग गिटार घ्या, पण एकच कॉर्ड, वरची एकच तार. चाल वगैरे काही नाही, एकच सूर तकिट तकिट तक. कंटाळा आला म्हणून सूर बदलू नका. सूर बदलला की कान पुन्हा बुवांकडे जातो.

अंगठ्याने तार मारली की लगेच उचलून हवेत ठेवायचा. पुढच्या तारेवर टेकवून ठेवला की तोच जुना घोळ. आणि तळहाताची कड ब्रिजजवळ (वरच्या फळीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) खर्जाच्या तारांवर हलकी टेकवली तर खर्ज ठक-ठक असा बंद वाजतो आणि अंगठ्याची चूक लपत नाही. मोकळा, गुंजणारा खर्ज चुका झाकतो, शिकताना तो नकोच.

६० वरून ८० वर यायला मला सहा आठवडे लागले. पागोळ्यांच्या तालावर सराव करा असं एका पाहुण्याने मला सुचवलं होतं. पागोळ्या ताल पाळत नाहीत, करून बघितलंय.

ऐकायचं असेल तर सुरुवात ब्लेकपासून करू नका, मिसिसिपी जॉन हर्टपासून करा. १९२८ साली ओके (Okeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी थोडी ध्वनिमुद्रणं करून हा माणूस आपल्या गावी शेतमजुरी करत राहिला, १९६३ साली लोकांनी त्याला पुन्हा शोधून काढलं. त्याचा अंगठा घड्याळासारखा सरळ चालतो आणि वेग आटोक्यातला, म्हणून बोट कुठे पडतंय ते कानाला मोजता येतं. ब्लेकचा अंगठा स्वतःच एका खर्जाच्या तारेवरून दुसरीवर घसरतो, मात्रा यायच्या आत. ते ऐकून तुम्हाला वाटेल, अडखळणारा अंगठा चालतो की! त्याचा मुद्दाम अडखळतो. आपला तसा नाही.

कॉर्ड बदलताना

रॅगटाइमची नेहमीची वाट आहे सी, मग ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन, परत सी. चारही कॉर्ड मोकळ्या, पहिल्या तीन-चार महिन्यांत हाताला येतात. तरी अंगठा इथे पडतो, कारण चाल लबाड आहे. नव्या कॉर्डचा सूर ती पुढच्या आवर्तनाच्या समेची वाट न बघता आधीच, आठव्या मात्रेला घेते. म्हणजे सातव्याला खर्ज जुन्या कॉर्डचा, आठव्याला चाल नव्या कॉर्डची, आणि समेला खर्ज नव्या कॉर्डचा. डावा हात सगळी बोटं एकदम ठेवायला जातो, त्याला उशीर होतो, आणि अंगठा सभ्यपणे थांबतो. तुम्ही अंगठ्याला बोल लावता, चोर डावा हात असतो.

म्हणून बोटं एकदम ठेवायची नाहीत, लागतील तशी ठेवायची. ए सेव्हन बघा. पाचवी तार मोकळी, म्हणजे समेच्या खर्जाला डाव्या हाताची गरजच नाही. चालीचा सूर पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असेल तर आठव्या मात्रेला तिथे फक्त करंगळी पोचू दे. दुसऱ्या फ्रेटवर तर्जनी आडवी पडायला तिसऱ्या मात्रेपर्यंत वेळ आहे, कारण चौथी तार तेव्हा लागते. डी सेव्हनचं तसंच. खर्ज चौथी तार मोकळी, आरामात या.

खरा खड्डा जी सेव्हनला आहे. तिथे समेलाच सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबलेला हवा, आणि करंगळी-अनामिका अजून डी सेव्हनच्या गावात. माझा अंगठा शंभरातून नव्वद वेळा इथेच थांबायचा. सगळी वाट पुन्हा पुन्हा वाजवून हे जात नाही. फक्त डी सेव्हनच्या शेवटच्या दोन मात्रा आणि जी सेव्हनची सम, एवढाच तुकडा घ्या. रोज पाच मिनिटं.

तोवर एक पळवाट देतो. जी सेव्हनला समेवर मोकळी चौथी तार वाजवा आणि सहावी तिसऱ्या मात्रेला. चौथ्या तारेचा सूर डी, तो जी सेव्हनच्या पोटातलाच आहे, कानाला खुपत नाही. हाताला अख्खा एक आघात उसना मिळतो. शुद्धतावाद्यांना आवडणार नाही, पण थांबलेल्या खर्जापेक्षा उलटा खर्ज कधीही बरा.

एफ कॉर्डबद्दल फार लिहीत नाही. डावा अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबणं जुन्या लोकांना जमायचं, तुमचा पंजा लहान असेल तर चार तारांची एफ धरा, खर्ज चौथीपासून सुरू करा.

हात ठीक, गिटार फुगलेली

आता जुलैचं रहस्य. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गिटारीला खोलीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ऑगस्टमध्ये माझ्या माडीवर छोटं आर्द्रतामापक ८८ दाखवतं. लाकूड पाणी पितं, वरची फळी ब्रिजमागे पोट काढते, ब्रिज वर सरकतो आणि त्याच्याबरोबर तारा. मे महिन्यात माझ्या गिटारीवर बाराव्या फ्रेटला सहाव्या तारेखाली २.४ मिलिमीटर जागा होती, ऑगस्टमध्ये ३.३. ऐकायला एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण जी सेव्हनला बोट तेवढंच जास्त दाबावं लागतं, सूर बसायला तेवढाच उशीर, आणि अंगठा पुन्हा सभ्यपणे थांबतो. मी मात्र जुलैभर तकिट तकिट करत स्वतःला शिव्या घालायचो.

मोजायला स्टीलची पट्टी पुरते. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर गिटारीला बोल लावू नका. तीनच्या वर गेलं की हाताला माफ करा. मग मान वाकली आहे की पोट फुगलंय ते बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जिथे मान धडाला मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबा, आणि सातव्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी फट म्हणजे मान ठीक. बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळी) घड्याळाच्या दिशेने पाव आटा, मग एक दिवस थांबा. मान ठीक असूनही तारा उंच असतील तर पोट फुगलंय. अशा वेळी ट्रस रॉड पिळणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून हाताला पट्टी.

पोटाला उपाय कोरडेपणाचा. गिटार भिंतीला टांगू नका, समुद्राकडच्या भिंतीला तर नाहीच. हार्ड केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पिशव्या आणि ते आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत परता, स्वयंपाकाचा तवा मात्र वापरू नका. आतला आकडा ५५-६० वर आला तरी पुरे. आमच्याकडे कपाटात बल्ब लावून बुरशी घालवायची पद्धत आहे, कपड्यांना ठीक, गिटारीला नाही. एका बाजूनेच तापते आणि जोड सुटतात. सगळ्यात स्वस्त उपाय, तारा अर्धा सूर खाली उतरवा. बारा नंबरच्या तारांच्या संचाचा ताण एकूण सत्तर किलोच्या आसपास असतो, तो उतरला की पोटही थोडं बसतं आणि बोटांनाही हायसं वाटतं. ब्लूज अर्धा सूर खाली वाजवलं म्हणून कुणी पोलिसात जात नाही.

खाऱ्या वाऱ्याने वरच्या दोन साध्या स्टीलच्या तारा आधी गंजतात. गंजलेल्या तारेवर करंगळी सरकत नाही, चिकटते. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा खालून-वरून पुसायच्या. तळलेला बांगडा खाऊन थेट गिटार उचलणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, मीही त्यातलाच. आणि सूर लावताना नटजवळ (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) टिंग असा आवाज येऊन तार उडी मारत असेल, तर नटच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्येच कंटाळून गिटार शहरातल्या एका दुकानात दिली. त्यांनी सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) खालून घासून तारा खाली आणल्या. आठवडाभर स्वर्ग. दसऱ्याला इतर हत्यारांबरोबर गिटारही पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली. दिवाळीपर्यंत हवा कोरडी झाली, पोट बसलं, तारा आणखी खाली आल्या आणि सहावी तार प्रत्येक फ्रेटवर भुणभुणायला लागली. घासलेलं सॅडल वाढत नाही. तेव्हापासून दोन सॅडल ठेवतो. उंच हाडाचं उन्हाळ्यासाठी, घासलेलं पावसाळ्यासाठी, दोन्हीवर पेन्सिलीने महिने लिहिलेत. मृगाच्या सुमाराला एक निघतं, दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी पट्टी लावून मोजतो आणि दुसरं बसवतो. यंदा जुलैत अंगठा फक्त एकदा थांबला, तोही जी सेव्हनला, आणि त्या वेळी आई खालून विचारत होती, बांगडे की पेडवे.